अण्णा आले की हा असाच होतो

गोळ्या वेळेवर घेतो, दारू नाही, कर्ज नाही, बायको समजूतदार, नोकरी पक्की आणि तरी माणूस बरा होत नाही, असे पेशंट आले की आमच्या ओपीडीत सगळेच जरा कावतात, खरं सांगते. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्यांचं सायकियाट्रिस्ट सर बघतात आणि बोलण्याचं काम माझ्याकडे. त्या दिवशी सरांनी एक केसपेपर माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाले बघा जरा ह्यांचं काही जमतं का, दोन गोळ्या बदलून झाल्या, थायरॉइड नॉर्मल, बी-१२ नॉर्मल. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

पंचेचाळिशीचा माणूस, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, डिप्रेशनची ही तिसरी खेप. सोबत मोठी बहीण होती, बायकोला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून ती आलेली. सगळे जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट तारखेवार लावलेले, हे फार कमी लोक करतात. आम्ही पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो, मागच्या दोन आठवड्यांत काय काय झालं आणि किती दिवस झालं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. त्याचे १८ आले. पण मला इंटरेस्टिंग वाटले ते जुने फॉर्म. मधे बरा झाला होता तेव्हाचा स्कोअर फक्त ७ होता, झोप ठीक, भूक ठीक, आणि त्या सातातले तीन मार्क एकट्या सहाव्या प्रश्नाचे. सहावा प्रश्न म्हणजे आपण वाईट आहोत, कुचकामी आहोत, घरच्यांना आपल्यामुळे खाली बघावं लागलं असं वाटतं का. बाकीचे आकडे खाली-वर होत होते, हा मात्र दरवेळी तीनच.

लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणाला, "झकास गेलं मॅडम. नदीत पोहायचो, कैऱ्या पाडायचो."
"घरी मार बसायचा का?"
"मार काय, तेव्हा सगळ्यांनाच पडायचा." आणि हसला.

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं मला पाठ झालंय. आपल्याकडे खोटंही नाही ते. महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास आहे, १३ राज्यांतली बारा हजारांवर मुलं, त्यातल्या दर तीनपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. म्हणजे 'मार बसला का' ह्या प्रश्नाने आमच्या ओपीडीत फारसं काही वेगळं कळतच नाही.

मग त्याला विचारून बहिणीला आत घेतलं, नातेवाइकांकडून हिस्ट्री घ्यावीच लागते. ताई पन्नाशीच्या, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या. मी नेहमीचं विचारत होते, कधीपासून, काय फरक वाटतो, तर त्या मधेच म्हणाल्या, "अण्णा राहायला आले की हा असाच होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?"

अण्णा म्हणजे वडील, वय ऐंशीच्या आसपास. मी पिशवीतले कागद काढून परत तारखा बघितल्या. २०२० चा लॉकडाऊन, अण्णा ह्यांच्याकडे अडकले होते, तेव्हाचा एक पेपर. आताची खेप, मागच्या दिवाळीत अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते इथेच. सगळ्यात पहिली मात्र नीट जुळेना, अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनला येऊन परत गेले त्यानंतर चार महिन्यांनी तो पेपर निघालाय, त्यामुळे मी ती जोडायच्या भानगडीत पडले नाही.

"अण्णा मारायचे का फार?"
"छे, हात कधी फारसा उचलला नाही," ताई म्हणाल्या. "नावानं हाकच मारायचे नाहीत ना पण ह्याला."

ह्याच्या जन्माच्या वेळी आई गेली. घरातच बाळंतपण. तेव्हापासून तो पांढऱ्या पायाचा, आईला गिळून आलेला. पंगतीत त्याला शेवटी बसवायचं, प्रगतिपुस्तकावर सही शेजारच्या काकांकडून आणायची, आजारी पडला तर "हा कुठला मरतोय, हा मारतो" असं म्हणायचं आणि हे सगळं अगदी शांतपणे, आवाज न चढवता, वर्षानुवर्षं. ताई तेव्हा सहा वर्षांच्या, त्यांना आजीने आजोळी नेलं. त्यांचं लहानपण तिथे बरं गेलं. तान्ह्या पोराला मात्र अण्णांनी नेऊ दिलं नाही, का ते ताईंनाही सांगता येईना.

मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं आता रडेल नाहीतर चिडेल. तर तो एकदम साध्या आवाजात, आधार कार्डावरची जन्मतारीख सांगावी तसं म्हणाला, "ते खरंच आहे ना मॅडम, आई माझ्यामुळेच गेली."

तो काही लपवत नव्हता हो. त्याच्या दृष्टीने त्यात छळ वगैरे काही नव्हताच, ती माहिती होती. जेसी बॉल्डविन आणि मंडळींनी २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात असं निघालं की ज्यांच्या छळाची नोंद लहानपणीच झालेली होती त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी मोठेपणी तसं काही झाल्याचं सांगितलंच नाही. वाचलं तेव्हा मला वाटलेलं लोक विसरत असतील, लाजत असतील. हा तिसराच प्रकार.

ताईंना विचारलं, आई नेमकी कशाने गेली. त्या म्हणाल्या आजी सांगायची, वार अडकली होती, रक्त थांबेना, बैलगाडीतून न्यायला निघाले आणि वाटेतच... मग मी त्याला समजावून सांगितलं, वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, बाळंतपणानंतर ती पडली नाही तर गर्भाशय आकसत नाही आणि रक्त वाहत राहतं, वेळेत दवाखाना मिळाला तर बाई वाचते, ह्यात बाळ काही करत नाही, करू शकतच नाही. तो बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "म्हणजे रक्त थांबलं नाही म्हणून?" पंचेचाळीस वर्षांत त्याला हे कुणी एकदाही सांगितलं नव्हतं. ताईंनीसुद्धा नाही. त्यांना वाटायचं ह्याला माहीत असेल.

अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाच्या डॉक्टरांच्या लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये वजन छान उतरत असलेले लोकच उपचार सोडून जात होते, ते का म्हणून विचारता विचारता लहानपणच्या गोष्टी बाहेर आल्या आणि त्यातून १९९८ चा तो प्रसिद्ध अभ्यास झाला, चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव असतील तर डिप्रेशन, दारू, आत्महत्येचा प्रयत्न ह्यांचा धोका चार ते बारा पट. लोक तो आकडा सगळीकडे फेकतात. मला रोजच्या कामात २०१२ चा एक अभ्यास जास्त उपयोगी वाटतो, नानी, उहर आणि डानेसे ह्यांचा. लहानपणी छळ झालेल्यांचं डिप्रेशन पुन्हा पुन्हा उलटण्याची किंवा चिवटपणे टिकून राहण्याची शक्यता दुपटीहून जास्त आणि उपचारांना प्रतिसादही कमी. म्हणजे सरांच्या टेबलावरून माझ्या टेबलावर येणारे हेच. आणि डिप्रेशनशी नातं बघायला गेलं तर मारापेक्षा टोचून बोलणं, दुर्लक्ष करणं ह्यांचं नातं बऱ्याच अभ्यासांत जास्त घट्ट निघालंय, ते आपल्या डोक्यात शिरत नाही कारण वळ दिसत नाही. अर्थात छळ झालेला प्रत्येक जण आजारी पडतो असंही नाही, बरीच माणसं धडपणे संसार करतात.

आता खरा पेच. अण्णा घरात आहेत, हाड मोडलेलं आणि त्यांना रोज आंघोळ कोण घालतं तर हाच! मी विचारलं काही बोलतात का आंघोळीच्या वेळी. "पाणी गरम आहे म्हणतात. कधी कधी म्हणतात हात लावू नको." इंटरनेटवर वाचून आलेले पेशंट विचारतात मॅडम, वडिलांना तोंडावर जाब विचारू का. मी सहसा नाही म्हणते. ऐंशी वर्षांचा माणूस माफी मागेल ही आशा धरून जायचं आणि तेच जुनं वाक्य परत ऐकून यायचं, ह्यात कुणाचं भलं होतं?

ताई म्हणाल्या मी नेते अण्णांना दोन महिने. तर अण्णा लेकीकडे राहायला तयार नाहीत, लोक काय म्हणतील. मग सकाळी दोन तासांसाठी एक माणूस लावायचं ठरलं, आंघोळ तो घालणार, जेवण बायको देणार, ह्याने फक्त औषधं आणि पैसे बघायचे. पुण्यवान मुलगा म्हणून गावात नाव होतं, ते थोडं कमी होईल, होऊ दे. रात्री फार असह्य झालं तर म्हणून केसपेपरवर टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून दिला.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी येतोय. आम्ही तेच एक वाक्य घेऊन बसतो, आई माझ्यामुळे गेली, ते कुणी सांगितलं, कधी, तेव्हा तुझं वय काय होतं. कंटाळवाणं काम आहे, काही वेळा तो अर्धा तास नुसतं इंजिनबद्दल बोलतो, मी बोलू देते. परवाचा स्कोअर ११ आला आणि सहाव्या प्रश्नाला पहिल्यांदा दोन. आता गोळी बंद करा म्हणून मागे लागलाय, सरांनी साफ नाही म्हटलं, तिसरी खेप आहे, निदान दोन वर्षं चालू ठेवायची. त्यावरून माझ्याकडे येऊन सरांची तक्रार करून गेला, चांगला पाच मिनिटं तावातावाने भांडला.