सहा नंबरची जर्सी

क्लीव्हलंडच्या ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघानं २०१४ आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, दोन वांड पोरं क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) म्हणून उचलली. आधी जॉनी मॅन्झील, मग बेकर मेफील्ड. दोघंही कॉलेजात हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, मिळवून आलेले, दोघांचाही हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालणारं. इथं राहून मी दोघांच्याही नादी लागलो, आणि ‘पोरगं अजून मोठं झालं नाही’ हे वाक्य दोघांबद्दलही पोटभर ऐकलं.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठापेठांतली ईर्षा आणि गोल झाल्यावर समोरच्या गॅलरीकडं बघून केलेले हातवारे. त्यामुळं अमेरिकेतला हा हातानं खेळायचा फुटबॉल डोक्यात शिरायला वेळ लागला, पण हातवारे लगेच कळले. फरक एवढाच, की इथं त्यांचे दर ठरलेले आहेत. पंच पिवळा रुमाल टाकतो, संघ १५ यार्ड मागं जातो. २०१६ पासून एकाच सामन्यात असे दोन रुमाल पडले की खेळाडू बाहेर. लीगचा, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेचा, दंड वेगळाच.

मॅन्झीलचं प्रकरण १८ ऑगस्ट २०१४ चं. वॉशिंग्टनविरुद्धचा सराव सामना, म्हणजे निकालाला शून्य किंमत. समोरच्या बाकावरून टोमणे येत होते, आणि या २१ वर्षांच्या मुलानं तिकडं बघत मधलं बोट दाखवलं. टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिलं. लीगनं १२ हजार डॉलर कापले. चार वर्षांचा करार ८२ लाख डॉलरच्या वर असलेल्या माणसाला १२ हजारांनी काय धडा मिळायचा? दुसरी खूण त्याची जुनीच होती, बोटांवर अंगठा घासायचा, ‘पैसा’. ड्राफ्टच्या रात्रीसुद्धा तो स्टेजवर तीच खूण करत चढला. डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, सिनसिनाटीविरुद्ध, घरच्या मैदानावर. ब्राउन्स ३०-० हरले आणि बेंगॉल्सची, म्हणजे सिनसिनाटीची, माणसं त्याच्यासमोर उभी राहून अंगठे घासत होती. एरी सरोवराकडून येणाऱ्या त्या वाऱ्यात, आमच्याच स्टेडियममध्ये. राग कुणाचा करायचा तेच कळेना.

मेफील्डचं तर वेगळंच. त्यानं माझ्या घरातच भांडण लावलं. माझी मुलगी तेव्हा ओहायो स्टेटला शिकत होती. सप्टेंबर २०१७ मध्ये मेफील्डच्या ओक्लाहोमानं कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या मैदानावर येऊन ३१-१६ असा सामना जिंकला आणि मेफील्डनं आपल्या कॉलेजचा झेंडा मैदानाच्या मधोमध, ओहायो स्टेटच्या त्या मोठ्या ‘ओ’ वर गाडायचा प्रयत्न केला. मैदान कृत्रिम गवताचं, झेंडा काही रुतला नाही, पण अपमान पुरता रुतला. दोन दिवसांनी त्यानं माफी मागितली. नोव्हेंबरात कॅन्ससच्या कर्णधारांनी नाणेफेकीच्या वेळी त्याचा हात हातात घेतला नाही, तर यानं पुढं त्यांच्या बाकाकडं बघून कमरेखालचा घाणेरडा इशारा केला. लिंकन रायली हा त्याचा प्रशिक्षक. पत्रकारांपुढं बोलताना त्याचेच डोळे भरून आले, तरी त्यानं मेफील्डचं कर्णधारपद काढलं आणि घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याला सुरुवातीला बसवून ठेवलं. त्याच्या जागी आलेला कायलर मरी पहिल्याच चेंडूवर ६६ यार्ड पळाला. मला ही शिक्षा १२ हजार डॉलरपेक्षा फार मोठी वाटते.

आणि पाच महिन्यांनी ब्राउन्सनी त्यालाच पहिल्या क्रमांकावर घेतलं! मी सहा नंबरची जर्सी आणली. मुलगी म्हणाली, “बाबा, हा माणूस आमच्या मैदानात झेंडा गाडून गेला, आणि तुम्ही त्याचा शर्ट घालून माझ्यासमोर बसणार?” मी बसलो. आदल्या हंगामात ०-१६, म्हणजे सोळाही सामने हरल्याचा, हिशेब असलेल्या संघाच्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत. २० सप्टेंबर २०१८ ला तो बदली म्हणून उतरला आणि न्यूयॉर्कच्या जेट्सविरुद्ध १४-० अशा पिछाडीवरून २१-१७ जिंकून दिलं. ६३५ दिवसांनी विजय. त्या रात्री क्लीव्हलंडमध्ये त्याच्या संस्कारांची चौकशी कुणीही केली नाही.

नोव्हेंबरात ह्यू जॅक्सन प्रकरण झालं. आमच्याकडं ३ विजय, ३६ पराभव, १ बरोबरी असा पराक्रम करून हाकलला गेलेला हा प्रशिक्षक लगेच सिनसिनाटीला जाऊन बसला. ब्राउन्स तिथं ३५-२० जिंकले. सामना संपल्यावर जॅक्सन मिठी मारायला पुढं आला, मेफील्डनं थंडपणे हात पुढं केला आणि वाटेला लागला. टीव्हीवरचे पंडित म्हणाले, बालिश. आमच्या कारखान्यात दुसऱ्या दिवशी लोक खूश. कॅन्ससच्या पोरांनी हात नाकारल्यावर भडकलेला हाच गडी, हे आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर बोललं नाही. जिंकत असलेल्याला आपण ‘जिद्दी’ म्हणतो. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोनं ब्राउन्सना ३१-३ धुतलं. २०१७ च्या त्या सामन्यात ओहायो स्टेटकडून खेळलेला निक बोसा आता त्यांच्याकडं होता. मेफील्डला जेरीस आणून त्यानं हवेतला झेंडा मैदानात गाडून दाखवला. मुलीचा मेसेज लगेच आला, नुसते हसरे चेहरे. तोच मेफील्ड, पण त्या आठवड्यात तो ‘उर्मट’ झाला होता.

यात कातडीचा रंगही येतो, ते इथं स्पष्टच लिहितो. २०१५ मध्ये कॅरोलायनाचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक कॅम न्यूटन टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडं नेला, की नाचायचा आणि चेंडू गॅलरीतल्या लहान मुलाला द्यायचा. संघ १५-१, हा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. त्यानं कुणाला बोट दाखवलं नव्हतं, झेंडा गाडला नव्हता, तरी पोरकट म्हणून त्याच्यावर पत्रं लिहिली गेली. आणि वयाचं म्हणाल तर क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनं ३५ व्या वर्षी घसरत जाताना समोरच्या संघाच्या एड रीडवर पाय उगारला आणि १० हजारांचा दंड भरला. त्याला कुणी ‘मोठा हो’ म्हटल्याचं आठवत नाही.

मॅन्झीलचं खरं दुखणं कुठल्याच पंचाला दिसलं नव्हतं. जानेवारी २०१५ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला, मार्च २०१६ मध्ये ब्राउन्सनी त्याला सोडलं. २०१८ मध्ये त्यानं स्वतःच सांगितलं की त्याला बायपोलर आजाराचं निदान झालंय. नंतर त्यानं हेही कबूल केलं की संघानं दिलेल्या आयपॅडवर प्रतिस्पर्ध्यांचे सामने त्यानं कधी पाहिलेच नाहीत, पाहिलेला वेळ शून्य. क्वार्टरबॅकचं निम्मं काम तेच. मंगळवारी-बुधवारी अंधाऱ्या खोलीत बसून समोरचा बचाव कसा हलतो ते घोकायचं. तिथं ना कॅमेरा, ना पिवळा रुमाल. लीगनं बोटाचे पैसे घेतले, आणि आम्ही त्या बोटावर वर्षभर चर्चा केली.

मेफील्डलाही इथून जावं लागलं, खांद्याच्या दुखापतीनं आणि पराभवांनी. कॅरोलायना, लॉस एंजेलिस, मग टॅम्पा. तिथं २०२४ च्या मोसमात त्यानं ४१ टचडाउन पास टाकले. तोंड अजून तसंच चालतं.

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी मिशिगननं कोलंबसमध्ये १३-१० असा विजय मिळवून त्याच मैदानात झेंडा रोवायला घेतला आणि मारामारी पेटली. पोलिसांनी तिखटाचे फवारे मारले, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. मग ओहायोच्या एका आमदारानं तिथं झेंडा गाडणं हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवायचं विधेयकच आणलं. पत्रकारांनी मेफील्डला गाठलं. त्याच्या म्हणण्याचा सूर असा, की यात विशेष काही नाही, हरलात तर पराभव घ्या आणि पुढं चला. मुलीला ती बातमी पाठवली. तिचं उत्तर आलं, “जर्सी अजून आहे का कपाटात?” आहे.