किती जणी लागल्या?

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई परवा भांडी पालथी घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? तुमच्यासोबत डी.एड. केलेल्या साऱ्याच लागल्या का नोकरीला?" त्यांची मुलगी यंदा बारावी झाली. गावात कोणीतरी सांगितलं की मास्तरांची भरती निघून राहिली, पोरीला डी.एड.ला टाका.

हा प्रश्न मला नवा नाही. लग्नाच्या पंगतीत, उमरेड रोडच्या बसमध्ये, दिघोरीला भाजी घेताना तो भेटतोच. शब्दही ठरलेले असतात: किती जणी लागल्या? आपल्याकडे नोकरी 'लागते'. नंबर लागतो, लॉटरी लागते, तशी. इतकी वर्षं मी "अकरा लागल्या" एवढं सांगून पुढे जात आले. ताईंना तसं सांगवेना. त्यांच्यासमोर मुलीची दोन वर्षं आहेत आणि फीचा आकडा आहे. त्यांना माझ्याकडून पूर्ण हिशेब मिळायला हवा. तर ताई, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते.

आम्ही २००७ ते २००९ या दोन वर्षांत नागपुरात डी.एड. केलं. बारावीनंतरचा दोन वर्षांचा शिक्षक होण्याचा हा अभ्यासक्रम, आता त्यालाच डी.एल.एड. म्हणतात. वर्गात पन्नास जण, त्यात बेचाळीस मुली. बहुतेक जणी रामटेक, पारशिवनी, काटोल, कुही, भिवापूर अशा तालुक्यांतून आलेल्या, महालात नाहीतर नंदनवनात चौघी मिळून एक खोली करून राहणाऱ्या. त्या काळी बारावीला चांगले गुण पडले की गावातली हुशार पोरं डी.एड.कडेच वळायची. मुलगी डी.एड. झाली आहे म्हटलं की सोयरिकीच्या बोलणीत समोरची माणसं सावरून बसायची.

मैत्रिणींची नावं इथे लिहीत नाही. पाठाच्या वहीवर आम्ही आपापला हजेरी क्रमांक टाकायचो, तेच क्रमांक वापरते. मी २९.

१७ नंबरच्या एका पाठाबद्दल आधी सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे आपसातच काही मिनिटांचे छोटे पाठ घेणं, संपून आमचे खऱ्या वर्गातले सराव पाठ सुरू झाले होते. महालातल्या शाळेतला चौथीचा वर्ग, गणित, घटक अपूर्णांक. १७ नंबरने कॉटन मार्केटमधून संत्री आणली होती. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं होतं: संत्रं सोलणे, दहा फोडी मोजणे, एक फोड म्हणजे एक दशांश. तिने फोडी वाटल्या आणि तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, माही तर लहान आहे. मले कमी भेटलं."

मी असते तर "बरं बरं, खाली बस" म्हणून पुढे गेले असते. ती थांबली. त्याची फोड हातात घेऊन तिने शेजारच्या मुलीच्या फोडीला लावून पाहिली आणि वर्गाला विचारलं, "खरंच कमी भेटलं याला. आता काय करायचं?" वर्गात एकच गलका. चाकूने सारखं करा, रस काढून वाटा, दुसरं संत्रं फोडा. एक मुलगी हळूच म्हणाली, "संत्रं नकोच, भाकर घ्या." मग जी वस्तू सारखी वाटता येते ती शोधणं सुरू झालं. दोरी झाली, वर्तमानपत्राचा कागद झाला, घड्या घालून झाल्या. तास संपायला पाच मिनिटं असताना तिने फळ्यावर एक दशांश लिहिलं आणि सांगितलं, भाग सारखे असतील तरच हे नाव देता येतं. त्या पोराच्या तक्रारीतूनच सगळा पाठ उभा राहिला होता.

आमच्या मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर लाल पेन घेऊन बसल्या होत्या. टाचणातली एकही पायरी जागेवर राहिली नव्हती, त्यामुळे आम्हाला वाटलं, आज हिचे गुण गेले. वही परत आली तेव्हा शेरा होता: "टाचण सोडलं, वर्ग सोडला नाही." ती वही आम्ही सगळ्यांनी फिरवून फिरवून पाहिली.

आता नोकरीचं. २०१० साली शिक्षण सेवकांसाठी, म्हणजे सुरुवातीला मानधनावर लागणाऱ्या शिक्षकांसाठी, राज्यभर एकच सीईटी, म्हणजे सामाईक भरती परीक्षा, झाली. त्या दिवशी १७ नंबरची लेक नऊ दिवसांची होती. बाळंतीण १७ नंबर परीक्षेला बसू शकली नाही. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे करत तीच आम्हाला म्हणाली, "जाऊ द्या गं, पुढच्या भरतीत लागीन." आम्हालाही तसंच वाटलं होतं. मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. १७ नंबर ती पास झाली. पण नुसती टीईटी पास होऊन काय, भरतीच नव्हती. २०१७ मध्ये शिक्षक भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आणि त्यासाठीची अभियोग्यता चाचणी आली: दोनशे प्रश्न, दोन तास. मुलाच्या तोंडून उत्तर येईपर्यंत शांत उभं राहणं ही जिची ताकद, तिला प्रत्येक प्रश्नाला छत्तीस सेकंद. ती मागे पडली. त्या चाचणीवरची पहिली निवड यादी लागायला २०१९ उजाडलं. "पुढची भरती" म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली होती, आणि नऊ दिवसांची ती मुलगी चौथीत शिकत होती.

मी २०१० च्या सीईटीत लागले. माझे पाठ तिच्या निम्म्याने चांगले नव्हते, हे मला माहीत होतं आणि आहे. त्यामुळे कोणी मला हुशार म्हणून लागली म्हटलं की मी त्याला लगेच थांबवते. मी त्या दिवशी परीक्षेला बसू शकत होते, ती बसू शकत नव्हती, एवढाच फरक होता.

लागलेल्या आम्हा अकरा जणींनाही सोपं गेलं असं नाही. तीन वर्षं शिक्षण सेवक, सुरुवातीला महिना ३,००० रुपये. त्यात खोलीभाडं आणि एस.टी.चं भाडं. ३१ नंबरला गडचिरोली जिल्हा मिळाला, तोही भामरागडकडचा. तेव्हा पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागड जगापासून तुटायचं. तिच्या पहिलीच्या वर्गात सगळी मुलं माडिया ही तिथली आदिवासी भाषा बोलणारी आणि पुस्तक मराठी. पहिल्या महिन्यात मुलं तिच्याशी एक शब्द बोलली नाहीत. तिने पुस्तक कपाटात ठेवलं, मुलांना घेऊन झाडाखाली बसली आणि दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून त्यांनाच विचारायला लागली, याला काय म्हणता? ती चुकीचा उच्चार करायची, मुलं खदखदून हसायची आणि तिला सुधारायची. तिची ती माडिया-मराठी वही मी पाहिली आहे. शब्दांसमोर चित्रं, काही मुलांनी काढलेली. बरीच वर्षं अर्ज केल्यावर तिची आंतरजिल्हा बदली झाली. तोवर तिचा मुलगा आजीकडे वाढला. तो तिला अजूनही कधी कधी चुकून "मावशी" म्हणतो, हे तिने मला एकदा फोनवर सांगितलं आणि मग दोघीही काही बोललो नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. दोघी पोलीस भरतीत गेल्या, एक तलाठी झाली, एक अंगणवाडी सेविका आहे. ८ नंबरचा आमचा वर्गमित्र काटोलला संत्र्याची बाग बघतो. एक जण अंशतः अनुदानित, म्हणजे पगाराचा काही वाटाच सरकार देतं अशा, शाळेत आहे. वीस टक्के अनुदानाचा टप्पा मिळवण्यासाठी तो किती हिवाळी अधिवेशनांत नागपूरच्या यशवंत स्टेडियमवर आंदोलनाला येऊन बसला, याचा हिशेब त्याच्याकडेच आहे. डिसेंबरात मी त्याला घरचा डबा नेऊन देते. काही जणींनी लग्नानंतर पुन्हा परीक्षेचं नावच काढलं नाही. त्यातल्या दोघींना मी कारण विचारलं, त्यांनी विषय बदलला, तेव्हा मीही सोडून दिलं. एक जण २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तिचा क्रमांक हजेरीत पहिला होता.

४४ नंबर मात्र २०२४ मध्ये लागली, चौदा वर्षं वाट पाहून. आज ती शिक्षण सेविका आहे, मानधन महिना १६,००० रुपये. आम्ही एकाच बाकावर बसायचो. माझी पंधरा वर्षं सेवा झाली, तिची आता सुरुवात आहे. ती पेढे घेऊन आली तेव्हा माझ्या शाळेतल्या मुलांना तिने विचारलं, "मी पण मॅडम आहे, दिसते का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलं मोठ्याने "हो" म्हणाली.

आणि १७ नंबर? ती नागपुरातल्या एका खासगी शाळेत आहे. आधी नर्सरीला शिकवायची. पालकांशी तिचं बोलणं चांगलं, म्हणून व्यवस्थापनाने तिला फीच्या खिडकीवर बसवलं. गेली सहा वर्षं ती पावत्या फाडते. मला याचा मनापासून राग येतो. तिला येत असेलही, ती बोलत नाही.

पण माझा वर्ग अडला की मी तिलाच फोन करते. मागच्या वर्षी माझ्या तिसरीच्या मुलांना ३०२ मधून १४७ वजा करता येईनात. दशकाच्या घरात शून्य, मग हातचा आणायचा कुठून? आठ दिवस मी फळ्यावर तेच तेच करत होते. ती म्हणाली, "अगं, फळा सोड. पोरांना नोटा दे आणि दुकानात पाठव." मग कागदाच्या नोटा झाल्या. तीन नोटा शंभराच्या, दोन नाणी एकाची. सात रुपये द्यायचे, पण सुटे नाहीत. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा आणल्या, त्यातली एक मोडून एकाची दहा नाणी आणली. आता हातात दोन शंभर, नऊ दहा आणि बारा सुटे. एकशे सत्तेचाळीस दिले, उरले एकशे पंचावन्न. ज्या मुलाला शून्याची भीती वाटायची तो त्या दिवशी दुकानदार झाला होता आणि सुटे नाहीत म्हणून सगळ्यांना परत पाठवत होता. वर्ग माझा होता, पाठ १७ नंबरचा होता.

मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे, त्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. म्हणजे आम्ही २०१० च्या सगळ्या. शिक्षकाची पात्रता तपासावी, याला माझा विरोध नाही. पण दीडशे पर्यायी प्रश्नांच्या कागदावर त्या संत्र्याच्या फोडीला जागा कुठे असते, हे मला अजून समजलेलं नाही. रात्री झोपताना पोटात गोळा येतो, हेही खरं आहे.

त्या रात्री आमचे फोन उलटे सुरू झाले. इतकी वर्षं आम्ही लागलेल्या, नाही लागलेल्यांना काय बोलावं म्हणून जपून बोलायचो. आता त्यांच्याकडे टीईटीच्या नोट्स आहेत, दोन-दोनदा पास झाल्याची प्रमाणपत्रं आहेत. १७ नंबर रोज रात्री साडेनऊला मला बालमानसशास्त्र शिकवते. फीच्या खिडकीवरून घरी जाऊन, स्वयंपाक आवरून. मी उत्तर चुकले की ती लगेच बरोबर उत्तर देत नाही. फोनवर शांतता असते. ती थांबलेली असते, चौथीच्या त्या वर्गात थांबली होती तशी. आणि मला सुचतं.

ताई, तर लागल्या अकरा, नंतर पवित्र पोर्टलमधून तिघी. आकडा एवढाच आहे. भरती कधी निघेल आणि कधी थांबेल हे तुमच्या मुलीच्या हातात नाही, माझ्याही नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायची असं म्हटलं आहे, म्हणून नुसत्या डी.एल.एड.वर तिला थांबवू नका, पदवीचं बघाच. फी भरण्याआधी ते कॉलेज सराव पाठ खरोखर घेतं का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारून या. आमच्या काळात कितीतरी अध्यापक विद्यालयं उघडली आणि नंतर बंद पडली. काहींत पाठ वहीतच उरकले जायचे.

आणि सोमवारी तिला शाळेत पाठवा. परिपाठाला येऊ द्या. दुसरीची चार मुलं मी तिच्याजवळ बसवीन आणि मी वर्गाबाहेर राहीन. संध्याकाळी ती घरी आली की तुम्ही तिला एवढंच विचारा, कोणत्या पोराला काय येत नव्हतं. तिने पोराचं नाव घेऊन सांगितलं, तर मंगळवारी फॉर्म घेऊन या, आपण दोघी बसून भरू.