तुम्ही विचारलंत म्हणून : उंदराला कॅन्सर करतात कसा, आणि मग पाल्याचा रस पाजला कधी?

मी काय काम करते हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो, लग्नात असो की भाजीबाजारात, 'मॅडम, तुमच्या लॅबमध्ये कॅन्सर करणारी पावडर असते म्हणे, भेव नाही वाटत का?' आणि त्याच्या पाठोपाठ मोबाईल पुढे करून दुसरा, 'हे पाहा, अमक्या पाल्याच्या रसानं उंदराचा कॅन्सर बरा झाला म्हणते, खरं आहे का?' मी नागपुरातच फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकवते आणि पोरांचे उंदरांवरचे प्रयोग माझ्या डोळ्यासमोर होतात, त्यामुळे हे दोन प्रश्न मला सारखे येतात. लोकांना ते वेगवेगळे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर नीट कळलं तर दुसऱ्याचं आपोआप कळतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

भीती वाटते, आणि वाटायलाच पाहिजे. उंदरांत कॅन्सर करायला आमच्याकडे जास्त वापरतात ती पावडर म्हणजे डीएमबीए, पूर्ण नाव ७,१२-डायमिथाइलबेंझअँथ्रासीन (नावात सातबारा आहे पण वावराशी काही संबंध नाही). पिवळसर रंगाची, तपकिरी काचेच्या छोट्या बाटलीत येते. ती आम्ही शक्यतो मोजत बसत नाही कारण बारीक पावडर उडते, सरळ बाटलीतच तेल किंवा अॅसिटोन घालून सगळी विरघळवायची आणि मग पातळ मोजून घ्यायचं. हातात नायट्राइलचे दोन ग्लोव्हज, पण अॅसिटोन नायट्राइलमधून फार लवकर आरपार जातं, म्हणून थेंब पडला की ग्लोव्ह लगेच बदल, 'पुसून घेतो मॅडम' चालत नाही. काम झालं की दिवे बंद करून यूव्ही टॉर्च फिरवायचा, कुठे सांडलं असेल तर निळसर चमकतं. पहिल्यांदा पाहणारी पोरं इथेच खरी घाबरतात, कारण साध्या उजेडात टेबल एकदम स्वच्छ दिसत असतं. शिवाय डोस दिलेल्या उंदराच्या पिंजऱ्यातला भुसासुद्धा साधा कचरा नाही, लघवीतून अवशेष बाहेर पडतात, तो वेगळा बांधून जाळायलाच जातो.

या चमकण्यावरूनच अशा रसायनांची ही सगळी जात सापडली हे मला फार आवडतं. लंडनच्या पर्सिव्हल पॉटनं १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो, काजळीमुळे. पण प्राण्यात तो करून दाखवायला १९१५ उजाडलं, जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला कोळशाचं डांबर लावलं, लावतच राहिले, महिनोन्महिने. बाकीचे लोक आधीच कंटाळून सोडून देत होते, यांचा चिवटपणा कामी आला. मग डांबरातलं नेमकं काय, हे शोधायला लंडनमध्ये केनवेच्या टीमनं डांबराची चमक मोजली आणि तशीच चमक देणारे पदार्थ तपासत गेले, शेवटी सुमारे दोन टन पिच (डांबराचा घट्ट गाळ) गाळून १९३३ मध्ये बेंझोपायरीन वेगळं काढलं. सिगरेटच्या धुरात असतं ते हेच. डीएमबीए त्याच घराण्यातलं.

आता प्रयोग. शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनं १९६१ च्या सुमारास बसवलेली पद्धत अजून चालते, साधारण ५० दिवसांची मादी रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) घ्यायची, २० मिलिग्रॅम डीएमबीए तिळाच्या तेलात, नळीनं पोटात, एकदाच. दोन-तीन महिन्यांत स्तनाच्या गाठी बोटाला लागतात. पण ५०च दिवस का? तर त्या वयात स्तनातल्या नलिकांच्या टोकांना पेशी भराभर वाढत असतात. हीच पावडर, हाच डोस, पण जिची आधी एक वीण होऊन गेली आहे तिला दिला तर गाठी खूपच कमी येतात. म्हणजे पावडरीवर 'कॅन्सर करते' असं लेबल लावून भागत नाही, कोणाला आणि कधी हे विचारावंच लागतं.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. डीएमबीए जशी बाटलीत आहे तशी डीएनएला धड चिकटतसुद्धा नाही. शरीरात गेली की आपले एन्झाइम, त्यातही सायटोक्रोम पी४५० कुटुंबातले, तिच्यावर ऑक्सिजन चढवतात, हेतू चांगलाच असतो, पाण्यात विरघळेल अशी करून लघवीवाटे घालवायची. पण त्या वाटेवर मधेच एक असं रूप तयार होतं की ते डीएनएला घट्ट धरतं. विस्कॉन्सिनचे जेम्स आणि एलिझाबेथ मिलर, नवराबायको, यांनी ही कल्पना वेगवेगळ्या रसायनांवर वर्षानुवर्षं काम करून पक्की केली. आणि ज्या उंदरांमधून सीवायपी१बी१ हे त्याच पी४५० कुटुंबातलं एन्झाइमच काढून टाकलं त्यांना डीएमबीए दिली तर कॅन्सर फारच कमी झाला, पावडर तीच. मला विचाराल तर पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे की मी बाटलीला भिते त्यापेक्षा माझ्याच एन्झाइमांना जास्त भिते.

एवढ्यानंही कॅन्सर होतोच असं नाही. पांढऱ्या उंदराच्या पाठीवरचे केस काढून डीएमबीएचा एकच हलका डोस लावला तर बहुतेक काहीच होत नाही, उंदीर मजेत. पण त्यानंतर आठवड्यातून दोनदा जमालगोट्याच्या तेलातलं टीपीए नावाचं द्रव्य लावत राहिलं की काही आठवड्यांत पाठीवर चामखिळीसारख्या गाठी. हो, जमालगोटाच, आपला जुलाबाचा. नुसतं टीपीए लावलं तर जवळपास काही नाही, क्रम उलटा केला तरी नाही, पण डीएमबीए लावून मधे कित्येक महिने थांबलं आणि मग टीपीए सुरू केलं तरी गाठी येतातच. डीएनएत झालेला बदल पेशी विसरत नाही, या गाठींमध्ये रास नावाच्या जीनमध्ये बहुतेक वेळा तोच एक ठरावीक बदल सापडतो. पहिल्या पायरीला इनिशिएशन म्हणतात, दुसरीला प्रमोशन, आणि दुसरीत सगळा खेळ पुन्हा पुन्हा लावण्याचा आहे.

इथे एक सांगते, पहिला प्रश्न मला गालात खर्रा धरूनही विचारला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटलेला तो खर्रा, त्यात एनएनएन आणि एनएनके ही कॅन्सर करणारी नायट्रोसमाइन्स असतात, आम्ही ती उंदरांसाठी कुलूपबंद ठेवतो. सुपारी तर तंबाखूशिवायसुद्धा आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतेच असं ठरलेल्यांत, आहे. आणि हे दिवसातून कितीदा, वर्षानुवर्षं, त्याच गालात. मी काही बोलत नाही, पुड्या माझ्या घरातल्याही खिशांत सापडतात.

आता दुसरा प्रश्न, रसाचा. उंदरांना असा रस पाजलेल्या प्रबंधांत काय कधी दिलं याचं कोष्टक उघडून पाहा, रस बहुतेक वेळा डीएमबीए द्यायच्या आठवडाभर आधी सुरू झालेला असतो, किंवा सोबत. म्हणजे उंदराला अजून कॅन्सर झालेलाच नाही. मग पाल्यातल्या एखाद्या द्रव्यानं ते सायटोक्रोम अडवलं की घातक रूपच कमी तयार होणार आणि गाठी कमी येणार, निकाल खरा, आकडे खरे, पण त्यात 'बरा झाला' कुठे आहे? गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकला तर किडे लागत नाहीत, पण किड्यांनी पोखरलेला दाणा पाला टाकून परत भरत नाही. मिनेसोटाच्या ली वॅटनबर्गनं हे दोन प्रकार कधीचेच वेगळे करून ठेवलेत, एक वाटेतच अडवणारे आणि एक पुढची वाढ दाबणारे. हळदीचंही तेच, १९८८ मध्ये हळदीतल्या करक्युमिननं उंदराच्या कातडीवरचं प्रमोशन दाबल्याचं छापून आलं ते खरंय, पण तिथे करक्युमिन थेट कातडीवर लावलं होतं, पोटातून घेतलेलं रक्तात फार थोडं पोचतं.

प्राण्यात चाललेलं माणसात उलटूही शकतं. गाजरातल्या बीटा कॅरोटिननं हॅमस्टरच्या (उंदरासारखाच छोटा प्राणी) गालाच्या पिशवीतल्या डीएमबीएच्या गाठी कमी केल्या होत्या. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, आणि बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पण म्हणून उंदरांचे प्रयोग फालतू, असंही नाही हं. क्रेग जॉर्डननं १९७६ मध्ये याच डीएमबीएच्या रॅटमध्ये टॅमॉक्सिफेन हे हार्मोन अडवणारं औषध दिलं, गाठी येणं कमी झालं, आणि १९९८ मध्ये धोका जास्त असलेल्या १३ हजारांवर बायकांच्या अमेरिकन चाचणीत स्तनाचा कॅन्सर जवळपास निम्म्यानं कमी दिसला. फरक काय, तर त्या रॅटच्या गाठी बहुतेक हार्मोनवर वाढणाऱ्या असतात, अंडाशय काढलं की आक्रसतात हे हगिन्सलाच दिसलं होतं, आणि टॅमॉक्सिफेनचं काम नेमकं तिथेच आहे. कारण माहीत होतं, नुसता रस पाजून आकडे मोजले नव्हते.

मग आपल्याकडे पोरं रस आधीच का पाजतात? गाठी आल्यावर सुरू करायचा म्हणजे आधी दोन-तीन महिने नुसती वाट पाहायची, मग गाठी सारख्या आकाराच्या नसतात म्हणून जास्त उंदीर लागणार, एथिक्स कमिटी तेवढे देत नाही, शिवाय गाठ फार मोठी व्हायच्या आत उंदराला संपवावं लागतं. एम.फार्म.ला संशोधनाला मिळतं शेवटचं वर्ष, त्यात मंजुरीत वेळ गेला की उरतं काय. त्यातून प्रयोग उन्हाळ्यात आला तर बाहेर पंचेचाळीस आणि अॅनिमल हाऊस बावीस-तेवीसवर ठेवायचं, लाइट गेली की जनरेटरचं डिझेल कोण देणार यावरून ऑफिसशी भांडण. सबमिशनची तारीख मात्र हलत नाही, म्हणून रस डीएमबीएच्या आधीच सुरू होतो.