पाणवेलीचं फूल

"ताई, फुलाचा फोटो काढताय, ती वेल सारून जरा खालचं पाणीपण बघा की."

आज सकाळी गोदावरीवरच्या सायखेड्याच्या पुलाजवळ मासेमारी करणारे एक काका असं म्हणाले आणि माझा मोबाइल खाली आला.

फूल देखणंच होतं. फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, वरच्या पाकळीवर निळसर डाग आणि त्यात पिवळा ठिपका. अगदी मोरपिसाच्या डोळ्यासारखा.

काकांनी एक रोप उपसून हातात दिलं. फुगलेला देठ दाबला, तर स्पंजासारखा मऊ. आत सगळी हवाच, म्हणून तर ही तरंगते. खाली काळपट मुळ्यांची दाट झालर. तिच्यातून निथळणारं पाणी बोटांवर आलं. तो वास घरी येऊन दोनदा साबण लावला तरी गेला नाही.

"जाळं टाकायला मोकळं पाणी लागतं ना?" काका एवढंच म्हणाले.

पाणवेल, म्हणजेच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. पण इथे तिला पोसतोय आपणच. सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस हेच तिचं खत. ती पसरली की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. वेल कितीही काढा, खत चालूच असेल तर ती पुन्हा येणारच.

हीच गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाते. २०१९ साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते. किती अभिमानाने सांगतो आपण पाहुण्यांना!

आपल्या मोरीतलं पाणी पुढे कुठे जातं, माहितीये का तुम्हाला?