मोटर किती एचपीची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दीड.

फोडलेली लाकडं ढिगावर चढवणारा माझा कन्व्हेयर चालू असताना जो कुणी पहिल्यांदा येतो, तो दोन मिनिटं लाकडं वर चढताना बघत उभा राहतो आणि मग हाच प्रश्न टाकतो. दीड एचपी, सिंगल फेज, मिनिटाला 1440 फेरे. समोरचा मान डोलावतो आणि जातो. त्यांच्यातल्या एकाने खरोखरच भंगारातला कन्व्हेयर उचलला, पहिल्याच दिवशी दीडची मोटर बसवली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, साखळी चाकाच्या दात्यांवरून उड्या मारतेय म्हणून. तेव्हापासून नुसता आकडा सांगायचं मी सोडलंय. माझ्याकडे मोटर सगळ्यात शेवटी आली. तोवर चार महिने वरच्या शाफ्टला एक दांडा लावून मी हा कन्व्हेयर हातानेच फिरवत होते.

मुळात हे यंत्र लाकडासाठी केलेलंच नाही. गवताच्या गाठी माळ्यावर चढवायचं ते. जवळपास 6 मीटर लांब पत्र्याची पन्हळ, तिच्या दोन्ही कडांनी धावणाऱ्या दोन साखळ्या आणि त्या दोघींना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या. पट्टी मालाच्या मागे लागते आणि त्याला ढकलत वर नेते, एवढंच. भंगारात त्याच्या शेजारी रबरी पट्ट्याचाही एक कन्व्हेयर पडला होता, दिसायला कितीतरी बरा. तो मी सोडला. गुळगुळीत रबरावर साधारण 20 अंशांच्या पुढे माल घसरायला लागतो आणि मला 35 अंशांचा चढ हवा होता. शिवाय फोडलेल्या लाकडाची धार रबराला कशी चिरते ते पाहिलेलं होतं. पत्र्याला ओरखडे पडतात, बाकी काही बिघडत नाही.

भंगारवाला म्हणाला होता, "ताई, चालू कंडिशन आहे." चालू कसलं, तळाचा शाफ्ट जागचा हलत नव्हता. बेअरिंगचं आतलं कडं शाफ्टवर असं धरलं होतं की दोन्ही एकाच साच्यातून ओतल्यासारखी वाटत होती. रोज सकाळी डिझेल सोडायचं, चार ठोके द्यायचे, पान्हा लावून बघायचं. नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी हट्ट सोडला आणि ते कडं कटरने कापून काढलं. वाचवायचा होता तो शाफ्ट. 25 मिलिमीटरच्या शाफ्टचं बेअरिंग कुठेही मिळतं, पण खाचा पाडलेला एवढ्या लांबीचा शाफ्ट लेथवर नव्याने करून घ्यावा लागला असता. हा साधा हिशोब डोक्यात शिरायला नऊ दिवस गेले.

गंज आणि रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं; मी ओला करून खरवडला. पन्हळीच्या पत्र्यावर जस्ताचा थर होता. जिथे वेल्डिंग करायचं तिथला तो आधी घासून काढला, कारण जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. नवा रंग मी अजून दिलेला नाही. लोक त्यावरून टोमणे मारतात, मारू देत.

आता साखळी. माझे चार महिने गेले ते तिच्यात.

एक कडी 50.8 मिलिमीटरची, म्हणजे पुरती दोन इंच. साखळी जुनी झाली की ‘ताणली’ म्हणतात, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्यावर एक बुश, म्हणजे पिन जिच्या आत फिरते ती बारीक नळी, असतं. दोघं एकमेकांना झिजवत राहतात आणि प्रत्येक कडीमागे केसभर जागा मोकळी होते. 240 कड्यांच्या साखळीत ते केस जमत जमत हातभर होतात. मोजायला सोपं आहे: साखळी ताणून धरायची आणि 10 कड्यांचं अंतर घ्यायचं. नवी असेल तर 508 मिलिमीटर. 3 टक्के वाढ, म्हणजे साधारण 523, ही मी हद्द धरते. त्यापुढे कडी दात्याच्या बुडाशी बसत नाही, दात्यावर चढत जाते आणि जोर आला की उडी मारते. त्या फोनवाल्याचं तेच झालं होतं.

मी पहिलं माप घेतलं ते 514 आलं. इतका आनंद झाला की त्याच दिवशी मोटर आणायला निघाले असते. कशी कोण जाणे, आणखी एका ठिकाणी टेप लावली. 526. त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या बाजूच्या साखळीत, 511.

म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं, साखळी जिथे तुटेल तिथे हाताला येईल तो तुकडा घालत आलं होतं. एकेरी साखळीत हे खपून जातं. दोन साखळ्यांच्या मध्ये पट्टी असली की खपत नाही. एका बाजूच्या 10 कड्या 526 भरल्या आणि समोरच्या 511, तर पुढची पट्टी 15 मिलिमीटरने तिरकी होते. त्यापुढच्या 10 कड्यांतही तसंच असलं तर आणखी 15. तिरकी पट्टी पन्हळीच्या एका कडेला घासते, लाकूडही त्याच कडेला लोटते आणि तिकडची साखळी आणखी झिजते. पन्हळीच्या डाव्या कडेला एक चकचकीत पट्टा दिसत होता, तो आधीच्या मालकाचा इतिहास होता. मी तो हौसेने पॉलिश झालेला पत्रा समजत होते.

मग सगळी साखळी सोडवली. दर 10 कड्यांनंतर पट्टी, एकूण 24 पट्ट्या, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून 10-10 कड्यांचे 48 तुकडे झाले. घमेल्यात रॉकेल घेऊन एकेक धुतला. भिंतीला खिळा ठोकला, तुकडा टांगला, खालच्या टोकाला वाळूची पिशवी अडकवली, म्हणजे प्रत्येकावर ताण सारखाच. माप घेतलं की खडूने तुकड्यावर लिहायचं. 523 च्या वर 6 निघाले, ते बाद. त्यांच्या जागी 6 नवे. मग वर्गात उंचीप्रमाणे मुलं उभी करतात तसे सगळे तुकडे जमिनीवर मांडले आणि जवळजवळच्या मापांच्या जोड्या लावल्या: 511 समोर 511, 514 समोर 515, नव्यासमोर नवा. शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजांत फरक उरला 4 मिलिमीटर. ते कागद मी जपून ठेवलेत.

दातेरी चाकांची गोष्ट तशी सोपी निघाली. दाते एका अंगाने खाऊन हुकासारखे वळले होते आणि मी नवीन चाकं करून घ्यायला निघाले होते. लेथवाल्या काकांनी चाक हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे उलटं करून बसवा की. एकच बाजू खाल्लीय." साखळी नेहमी एकाच दिशेने ओढली जाते, दात्याची दुसरी बाजू कोरीच राहते. एवढ्या कामाचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

थोडं विषय सोडून. साखळीला रोलर असतो, म्हणजे बुशवर फिरणारी नळी, म्हणून ती दात्यावर घासत न जाता लोळत बसते. ही युक्ती हान्स रेनॉल्डची, 1880 सालची, मँचेस्टरमधली. त्याच्या आधी 1874 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम यूअर्टने हाताने सुटणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं होतं: दोन कड्या एकमेकींवर दुमडायच्या, बाजूला सरकवायच्या, सुटल्या. कापणीयंत्राची साखळी शेतातच तुटली तर तिथेच जोडता यावी म्हणून. तसल्या साखळीचा हातभर तुकडा मला त्याच भंगारात मिळाला. कामाचा नाही. तरी येता-जाता एखादी कडी सोडवते आणि परत लावते.

तर मोटर. साखळी बसवल्यावर दम निघेना, म्हणून एका दिवसासाठी उसनी मोटर आणून जुन्याच पुल्यांवर जोडली. त्या पुल्यांनी साखळी सेकंदाला जवळपास 1 मीटर पळत होती. गवताच्या गाठीला ते ठीक असेल. माझं पहिलं लाकूड वरच्या टोकावरून सुटलं ते ढीग ओलांडून पलीकडे पडलं. घाबरून मी बटण बंद केलं, तर भरलेली साखळी क्षणभर थांबली आणि उलटी सुटली. पन्हळीत होती नव्हती ती सगळी लाकडं माझ्या पायांकडे यायला लागली. मी उडी मारली. अशी उडी मी त्याआधी कधी मारली असेन, मला आठवत नाही.

त्या दिवशी मोटरची ताकद सोडून मी वेगाचा विचार करायला लागले. 1440 फेऱ्यांना 30 ने भागणारा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाकाला फिरवतो आणि वेग कमी करतो, ती पेटी) घेतला, म्हणजे वरच्या शाफ्टला मिनिटाला 48 फेरे. चाकाला 8 दाते, एका फेऱ्यात 406 मिलिमीटर साखळी सरकते, म्हणजे सेकंदाला साधारण एक फूट. या वेगाने लाकूड वर जाऊन ओंजळीतून टाकावं तसं पडतं, आणि खाली एकट्या माणसाला पन्हळ भरता येते. मग ताकद: पन्हळीत एका वेळी फार तर 150 किलो माल. 35 अंशांच्या चढावर तो ओढायचा आणि पत्र्यावरचं घर्षणही सोसायचं, म्हणजे जवळपास 150 किलो सरळ वर उचलण्याइतकाच जोर. या वेगाला ते 470 वॅट होतात. वर्म गिअरमध्ये बरीचशी ताकद उष्णतेत जाते, ती धरून पावणेसातशेच्या आसपास. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. काठावर होतं, आणि भरलेल्या पन्हळीनिशी सुरू करताना जास्तच जोर लागतो. म्हणून दीड. तुमचा वेग किंवा चढ वेगळा असेल, तर माझा दीड तुमच्या काही उपयोगाचा नाही.

मोटर वरच्या टोकाला आहे. खाली ठेवली असती तर तेलपाण्याला सोयीची होती, पण मग परतीच्या बाजूच्या साखळीलाही सगळा भार ओढावा लागतो. वरच्या शाफ्टला खटका आहे, मागे फिरू न देणारा. वर्म गिअर उलटा फिरत नाही असं सगळे सांगतात; थरथरीने तो हळूहळू सरकू शकतो, म्हणून खटका. स्टार्टर असा की वीज गेली तर तो सुटतो आणि वीज आली तरी आपण बटण दाबेपर्यंत मोटर गप्प राहते. बंद करायची दोरी पन्हळीच्या पूर्ण लांबीभर आहे. अडकलेलं लाकूड काढायचं तर आधी प्लग काढते आणि खिशात घालते.

खटक्याचं चाक शाफ्टला वेल्ड करताना एक माती खाल्ली, तीही सांगते. अर्थिंगचा चिमटा सांगाड्याला लावला होता. करंटला शाफ्टमधून सांगाड्यात यायला एकच वाट होती, नव्या बेअरिंगमधून. महिन्याभरात ते गुरगुरायला लागलं. कापून बघितलं तर आतल्या गोळ्यांवर सुईने टोचल्यासारखे डाग. चिमटा शाफ्टलाच, वेल्डच्या शेजारी, लावायचा असतो.

लाकूड मी 40 सेंटिमीटरचंच कापते. पट्ट्यांमधलं अंतर 508, त्यामुळे फोड दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवी-उभी कशीही पडली तरी बसते. त्याहून लांब झाली की दोन पट्ट्यांवर चढते आणि वाटेत कुठेतरी खाली गडगडते. साखळीला ग्रीस लावत नाही. लाकडाचा भुसा ग्रीसमध्ये बसला की पिनांसाठी ती पॉलिश पेपरची लापशी होते. पातळ तेल, तेही काम संपल्यावर, आणि वरून पुसून घ्यायचं.

एक पूर्ण फेरी व्हायला साडेसदतीस सेकंद लागतात. मला ते घड्याळ न बघता कळतं, कारण नव्या आणि जुन्या तुकड्याच्या एका सांध्यावर वरच्या चाकाशी ‘टक्’ असा आवाज येतो, फेरीत एकदा. तो काढायचा म्हणून दोन वर्षं होत आली, काढलेला नाही. परवा एका फेरीत तो दोनदा आला. एवढं लिहून झालं की टेप आणि खडू घेऊन तिकडेच निघालेय.