एकच ट्रीटमेंट, दोन घरं

लेक यंदा पहिलीत गेली. तिला शाळेत सोडून येताना स्कूटी आम्ही मूल व्हायची ट्रीटमेंट घेतली त्या सेंटरवरूनच गेली आणि सगळं परत डोळ्यापुढे आलं, म्हणून आज लिहायला बसले.

आमची ट्रीटमेंट २०१९ ची, सांगलीत. लग्नाला आठ वर्षं झालेली, तीनदा आययूआय (नवऱ्याचे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते) फेल गेलेलं, आणि एएमएचचा, म्हणजे बीजं किती उरलीत त्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या आता वेळ घालवू नका, आयव्हीएफ करा, म्हणजे बाहेर लॅबमध्ये गर्भ तयार करून पोटात सोडायचा. तिथे वेटिंगमध्ये माझ्या शेजारी एक जण बसायची, जत भागातली, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. दोघींची सायकल, म्हणजे ट्रीटमेंटची फेरी, एकाच आठवड्यात सुरू झाली, त्याच डॉक्टर, तीच पोटावरची इंजेक्शनं. घरं मात्र वेगळी.

माझ्या सासूबाईंनी फ्रीजच्या दारातला एक कप्पा रिकामा करून दिला आणि सगळ्यांना ताकीद दिली की इथे कुणी काही ठेवायचं नाही. संध्याकाळी सातला नवरा इंजेक्शन द्यायचा, बँकेतून रजा मिळाली, पैसे दोघांच्या पगारातले आणि थोडे माझ्या बाबांनी दिले. तिच्याकडे फ्रीज होता पण लाईटचा भरवसा नाही, म्हणून दोन-तीन दिवसांची इंजेक्शनं ती थर्मासमध्ये बर्फ घालून एस्टीने न्यायची आणि गावातल्या नर्सबाईंकडून टोचून घ्यायची, घरी सांगायचं पाठीचं इंजेक्शन आहे म्हणून. थर्मासला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं आणि बोलता बोलता मध्येच ती त्याला हात लावून बघायची, गार आहे ना. खरं तर रिपोर्ट नवऱ्याचा खराब होता, पण ते त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, बोल सगळे हिलाच. जावेच्या डोहाळजेवणात हिला ओटी भरायला पुढे येऊ दिलं नाही. हे सांगताना ती रडली नाही, मी रडले.

माझं पहिलंच ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पोटात सोडणं, लागलं, तिचं लागलं नाही. आता माझी सासू चांगली म्हणून माझं लागलं असं मी अजिबात म्हणणार नाही, ते वयावर, एम्ब्रियोवर (लॅबमध्ये तयार झालेल्या गर्भावर), बऱ्याच गोष्टींवर असतं. पण बीटा, म्हणजे दिवस राहिलेत का त्याची रक्ततपासणी, निगेटिव्ह आल्यावर बाईचं काय होतं ते घरावर असतं, हे मी ठामपणे सांगते. मला कुशीत घेऊन रडू देणारी माणसं होती, परत प्रयत्न करायला पैसे होते. ती त्या दिवशी रिपोर्ट घेऊन एस्टीत बसली आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या.

मुलांचंही तसंच. लोक मला हळू आवाजात विचारतात, अशी मुलं अशक्त असतात का गं? फिनलंडमध्ये सरकारी नोंदींवरून एकाच आईची दोन मुलं, एक ट्रीटमेंटचं आणि एक नैसर्गिक, अशी ताडून बघितली, तर कमी वजनाचा आणि वेळेआधी जन्माचा फरक जवळजवळ राहिलाच नाही. तिथलीच ट्रीटमेंटची मुलं सोळा-अठराव्या वर्षी शाळेत सरासरी पुढे दिसली, आणि त्याचं मोठं कारण घर, कारण तिथेही ही ट्रीटमेंट जास्त करून शिकलेली, कमावती जोडपी घेतात. घराचा हा फायदा बाजूला काढला तर मानसिक त्रासाचं प्रमाण या मुलांत किंचित जास्त निघालं, तेही सांगायलाच हवं. केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक यांनी डोनर (दुसऱ्या कुणाचं बीज घेऊन) आणि सरोगसीने (दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवून) झालेली मुलं वीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्या घरांचा अभ्यास केला, तर ती बाकीच्या मुलांसारखीच बरी निघाली, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत खरं सांगितलं होतं त्यांचं आईशी जास्त चांगलं जुळलेलं. आमच्यात डोनर नव्हता, तरी ते वाचून मी लेकीला सांगून टाकलं, तू आधी डॉक्टरांच्या काचेच्या ताटलीत होतीस आणि मग माझ्या पोटात आलीस. तिने विचारलं, ताटली केवढी होती? मी तळहातावर बोटाने गोल काढून दाखवला.

मला राग येतो तो पैशाचा. देशातली शास्त्रीय नोंद झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा चावडा, तिचा ६ ऑगस्ट १९८६ ला जन्म झाला तो मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली. ते काम महापालिकेच्या दवाखान्यात झालं, आणि आज आमच्या भागातल्या बाईला एका सायकलला दीड-दोन लाख उभे करावे लागतात, बहुतेक मेडिक्लेममध्ये ते बसत नाहीत. ज्याच्याकडे आहे तो तीनदा करतो, ज्याच्याकडे नाही तो एकदा करून गप्प बसतो.

जतच्या त्या मैत्रिणीचे दोन एम्ब्रियो अजून फ्रोजन आहेत. दरवर्षी फी भरते. नव्या कायद्याने दहा वर्षांच्या वर ठेवता येत नाहीत, त्यातली सहा-सात गेली. गेल्या महिन्यात फोन आला होता, आधी लेकीची चौकशी केली, कितवीत गेली, जेवते का नीट. मग म्हणाली, "ताई, औंदा बेदाणा बरा झालाय, कोल्ड स्टोरेजला टाकलाय. दर आला की इकते आणि येते सांगलीला. माझ्यासंगट याल का?"

मी हो म्हटलंय. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, तारीख तेवढी टाकायची आहे.