जलरंगाची वही, मे अखेर: बुरुजाची गोलाई

या महिन्यात अकरा चित्रं झाली. सात फाडली, एक बहिणीनं मागून नेलं, तीन ठेवली. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पावसाळी, धुकट वॉश (पाणी घालून पसरलेला रंगाचा पातळ थर) जमवल्याशिवाय थांबायचं नाही. थांबलो.

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाला सकाळी साडेसातला बसलं तरी कागद तापलेला असतो. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ला सहज जातो आणि हवेत ओलाव्याचं नाव नाही. आभाळाचा वॉश उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावं टोक खडखडीत वाळलेलं. पुढचा रंग टेकवला की कड उमटलीच. कागद (३०० जीएसएमचा, म्हणजे जाड) दोन्ही बाजूंनी भिजवून पाहिला. पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकले, त्यानं वाळणं लांबतं खरं, पण रंग चिकट राहतो आणि सोलापूरची धूळ त्यावर येऊन बसते. तीन आठवडे यात गेले.

फाडायच्या ढिगातलं एक चित्र अण्णांनी उचललं. त्यांनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, नकाशे काढण्यात घालवली. भुईकोट किल्ल्याचा बुरूज होता त्यात, कडांनी पार चिरफाळलेला. म्हणाले, "बुरूज गोल करायला कशाला धडपडतोस? पायऱ्या मोज की." त्यांच्या ग्राफवर एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. तिथं वळणदार रेघ काढताच येत नाही. मोराची मानसुद्धा पायरी-पायरीनंच वळते, आणि चादर अंथरली की गोल दिसते. हे मी लहानपणापासून बघत आलोय. चित्र काढताना कधी डोक्यात आलं नव्हतं, हे जरा लाजिरवाणंच.

मग बुरूज पुन्हा काढला. उभे पाच पट्टे, छटा तीनच. आधी सगळ्यावर फिकट यलो ऑकर (मातकट पिवळा). दोन मिनिटांत वाळला. त्यावर चार पट्ट्यांना बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पातळ करून. वाळला. शेवटच्या दोन पट्ट्यांना सिएनात अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून केलेला करडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळं दगडाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो. दहा मिनिटांत तीन थर! पावसाळ्यात मित्राकडे चिपळूणला एकेका थरासाठी अर्धा-अर्धा तास पंख्याखाली बसलो होतो. म्हणजे ज्या उन्हाला महिनाभर शिव्या घातल्या, त्यानंच बुरूज वळवला.

रंगही कमी केले. अण्णांचा हिशेब असा की बाण्यात जेवढे रंग, तेवढे धोटे (आडवा धागा वाहून नेणारे). रंग वाढला की खर्च वाढला. मी चारावर आलो: वरचे तीन आणि लाइट रेड. हिरवा काढून टाकला, कडुनिंबाला ऑकर आणि अल्ट्रामरीन पुरतात.

याला शैली म्हणायला अजून जीभ रेटत नाही. पट्टे सगळीकडे मारले की युक्ती वाटते. नववं चित्र तसंच मेलं, झाडालाही पट्टे, म्हशीलाही पट्टे. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. त्यांच्या जाड, एका दमात ओढलेल्या रेषेत मला तो हात दिसतो. पण ती रेषा कुठं सोडून द्यायची, हेही त्यांना कळत होतं. मला पट्टे कुठं सोडायचे ते कळत नाही.

पाण्याचं तर अजिबातच नाही. बुरूज पट्ट्यांत आणि खाली तलावातलं प्रतिबिंबही पट्ट्यांत, की पाणी फरशीसारखं दिसतं. प्रतिबिंबाचा भाग तेवढा ओला ठेवायचा म्हणून काल सहालाच जाऊन बसलो. अर्धं जमलं, मग ऊन आलं. उद्या साडेपाच. कोरड्या हवेत फक्त हातभर जागा ओली ठेवायची कुणाकडे काही तोड असेल तर सांगा, ग्लिसरिन सोडून.